कुणबीण, हबशी, वेठ आणि उचल

तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कोलाडला राफ्टिंग केलेलं असणार. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सोडतात, तेवढ्यात होड्या खाली आणायच्या, मग जेवण आणि दुपारी मुंबई-पुण्याचा रस्ता. ती नदी म्हणजे कुंडलिका. राफ्टिंग जिथं संपतं तिथून पुढे ती आमच्या रोह्यातून जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. आज जे लिहायचं आहे ते बरंचसं या नदीच्या आसपासचं आहे, म्हणून आधी नकाशा सांगून ठेवला.

सुरुवात मात्र ऑफिसात झाली. आमचा क्लायंट अमेरिकन आहे. २०२१ पासून १९ जूनला त्यांच्याकडे सुट्टी असते. १८६५ मध्ये त्या तारखेला टेक्ससमधल्या गुलामांना त्यांची सुटका झाल्याचं जाहीर करण्यात आलं, त्याची ही सुट्टी. त्या दिवशी कॉल नाहीत, त्यामुळे जेवण निवांत चाललं होतं. एक मित्र म्हणाला, "आपल्याकडे जात होती, बाकी सगळं होतं, पण गुलामगिरी नव्हती रे." मी मान डोलावली. खरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं.

मग दिवाळीला रोह्याला गेलो. माळा साफ करताना आजोबांच्या चोपड्या सापडल्या. आजोबांचं छोटं दुकान होतं आणि थोडी भातशेती. एका चोपडीत १९५३ सालापासून एका गड्याचं खातं आहे. बाकी गिऱ्हाइकांची नावं आडनावासकट आणि पुढे 'रा. अमुक' असं गावाचं नाव लिहून, याचं मात्र नुसतं हाक मारायचं नाव आणि त्यापुढे 'कातवडी'. पहिली नोंद अशी: लग्नाकरिता उचल रुपये १२०. त्यानंतर चार पानं फक्त भात, मीठ, एक घोंगडी, औषध, पुन्हा भात. जमेच्या बाजूला 'काम' असं लिहून आकडे टाकलेत. चौथ्या पानाच्या शेवटी बाकी १६८ रुपये. चार पानं काम करून माणूस अठ्ठेचाळीस रुपयांनी आणखी खोलात गेला होता. मी हिशेब दोनदा तपासला. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. आजोबा लबाड नव्हते.

ती चोपडी पुण्याला घेऊन आलो आणि गेले काही शनिवार-रविवार याच विषयावर वाचतोय.

आधी अमेरिकेचं थोडक्यात. आपल्या डोक्यात एकच चित्र असतं: कापसाचं शेत आणि चाबूक. पण कापूस फार नंतरचा. वसाहतींच्या काळात, म्हणजे १७७६ च्या आधी, तिथं निदान तीन वेगळ्या गुलामगिऱ्या नांदत होत्या. व्हर्जिनियात १६१९ मध्ये पहिले आफ्रिकन आले. तिथं पीक तंबाखूचं, त्यामुळे मुकादमाच्या नजरेखाली टोळीनं दिवसभर काम. १६६२ मध्ये व्हर्जिनियानं कायदा केला की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गोऱ्या मालकापासून झालेलं मूलही गुलामच. दक्षिण कॅरोलायनात भात. तिथं १७१० च्या सुमारास काळ्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली होती आणि कामाची पद्धत वेगळी होती: रोज ठरावीक तुकडा नेमून द्यायचा, तो संपला की उरलेला वेळ गुलामाचा. बोस्टन, न्यूपोर्टकडे मोठी शेती नाही, म्हणून तिथं गुलाम थोडे, घरात, बंदरात, कारागिराच्या हाताखाली. पण ऱ्होड आयलंडची जहाजं गुलामांच्या व्यापारात पुढे होती. राजा एकच, भाषा एकच, तरी गुलामगिरीचं रूप मात्र पीक, पाणी आणि बंदर ठरवत होतं.

हे वाचल्यावर मी आपल्या नदीकडे बघायला लागलो.

मुखापासून सुरू करू. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. १५१६ मध्ये त्यांना वखारीची परवानगी मिळाली, १५२१ मध्ये किल्ला सुरू झाला आणि १७४० पर्यंत, म्हणजे मराठ्यांनी घेईपर्यंत, ते तिथं होते. आपण बीचवर जातो तेव्हा झाडीत जे उंच पडके मनोरे दिसतात ते याच शहराचे. या शहरांत, म्हणजे चौल, वसई, गोवा, गुलाम ही घरातली वस्तू होती. काही मोझांबिककडून जहाजानं आलेले, काही इथल्याच दुष्काळात विकले गेलेले. ते पालखी उचलत, पाणी भरत, स्वयंपाक करत, छत्री धरत, लढाईत तटावर उभे राहत. शेतावर फार कमी. शेजारी मुंबईत इंग्रजांनीही सतराव्या शतकात मादागास्करहून गुलाम आणले होते, हे मला माहीतच नव्हतं. शाळेत आपण मुंबईचा इतिहास 'हुंड्यात दिलेली बेटं' इथं सोडतो.

नदीच्या दक्षिणेला डोंगर ओलांडला की मुरुड-जंजिरा. फणसाडचं जंगल रोहा आणि मुरुड दोन्हीकडे पसरलेलं आहे. इथली गोष्ट उलटीच. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आणले गेले ते लढण्यासाठी. मलिक अंबर साधारण १५४८ मध्ये इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, अरबस्तान-बगदादकडे दोन-तीन हात बदलून निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीझखानानं विकत घेतला. हा चंगीझखानही हबशीच. पुढे हाच मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, त्यानं खडकी वसवली (आजचं छत्रपती संभाजीनगर), आणि १६२६ मध्ये मेला तेव्हा मुघलांना त्याला पुरतं हरवता आलेलं नव्हतं. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर १९४८ पर्यंत संस्थान चालवलं. व्हर्जिनियातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. कातडीचा रंग तोच, समुद्रही फार वेगळा नाही, पण एकीकडे नातवंडांपर्यंत गुलामी आणि दुसरीकडे गादी.

याचा अर्थ इथली गुलामगिरी 'सौम्य' होती, असं बरेच लोक लगेच म्हणतात. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की आपल्याला नावं माहीत आहेत ती वर पोचलेल्यांची. आणि त्याच सिद्दींच्या स्वाऱ्यांत कोकण किनाऱ्यावरची साधी माणसं धरून नेली जात होती.

आता घाट चढून पुण्यात. हा भाग लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आमची आज्जी चिडली की कामवालीला नव्हे, स्वतःलाच म्हणायची, "मी काय तुमची बटीक आहे?" हा शब्द मी हजार वेळा ऐकलाय. बटीक म्हणजे दासी, विकत घेतलेली बाई. दुसरा शब्द कुणबीण. आज कुणबीण म्हटलं की कुणबी समाजातली बाई. पण अठराव्या शतकातल्या कागदांत 'कुणबीण' हा गुलाम बाईसाठीचा सरकारी शब्द आहे. पेशवे दफ्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, वाटणीच्या, पळून गेल्याच्या, सोडून दिल्याच्या नोंदी आहेत. इतिहासकारांनी यावर भरपूर लिहिलंय, आपण वाचत नाही एवढंच. सरकारी कुणबिणी पागेत, हत्तीखान्यात, कोठीत, बांधकामावर असत. दाणा भरडणं, शेण काढणं, गोवऱ्या थापणं, पाणी वाहणं, चुना-मातीची टोपली डोक्यावरून नेणं. खासगी घरांतल्या दळण-कांडण करत, आणि मालकाची इच्छा असेल ते सगळं.

या बायका यायच्या कुठून? काही दुष्काळात आईबापांनी विकलेल्या. काही स्वारीत धरलेल्या. आणि काहींना सरकारनंच गुलाम केलेलं. बाईवर 'बदकर्मा'चा आरोप सिद्ध झाला की तिला दंड व्हायचा, किंवा कुणबीण करून किल्ल्यावर, कोठीवर कामाला धाडलं जायचं, किंवा विकलं जायचं. म्हणजे नवरा गेलेली, कुणाशी नाव जोडलं गेलेली बाई सरकारसाठी फुकटची मजूर होऊ शकत होती. सुटका व्हायची, नाही असं नाही. म्हातारी झाली, काम होईना म्हणून सोडलेल्या बायका कागदांत आहेत. बदली दुसरी बाई आणून दिली म्हणून सोडलेल्याही आहेत. ही बदलीची नोंद वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि खाली चहा प्यायला गेलो.

इथं शिवाजी महाराजांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत डचांना दिलेल्या कौलात त्यांनी साफ बजावलं होतं की आधीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता, ते आता चालणार नाही. शंभर वर्षांत त्याच राज्याच्या दफ्तरात कुणबिणींच्या याद्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली आपण स्टेटसला लावतो.

तर पोर्तुगीज शहरात पालखी, जंजिऱ्यात तलवार, पुण्यात जातं आणि गोवऱ्या. पण मग पेण-रोह्यातली भातशेती? एवढी शेती, एवढी मेहनत, तिथं कॅरोलायनासारखे गुलाम का नाहीत?

हा प्रश्न मला खास वाटतो, कारण कॅरोलायना आणि पेणचा खारेपाट यांत इंजिनियरिंग जवळजवळ एक आहे. भरतीचं पाणी येतं अशी सपाट दलदल. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची, ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार बंद. काही पावसाळे गेले की मीठ धुऊन निघतं आणि भात उभा राहतो. कॅरोलायनात हे ज्ञान बऱ्याच अंशी पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचंच होतं. आपल्याकडे शिलोत्री म्हणजे ज्याच्या पैशानं बांध उभा राहिला त्याचा हक्क, आणि कसणारे आगरी, कोळी, कुणबी कुळं. बांध फुटला की रात्री-अपरात्री धावायचं कुळांनी. काम तेच, चिखल तोच.

उत्तर मला एका अर्थशास्त्रज्ञाकडे मिळालं. एव्हसी डोमर यांनी १९७० मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: मोकळी जमीन, मोकळा मजूर आणि स्वतः न राबणारा जमीनदार, या तिघांपैकी दोनच एका वेळी टिकतात. जमीन भरपूर आणि मोकळी असेल तर मजूर तुमच्याकडे कशाला राबेल? तो पुढे जाऊन स्वतःचं शेत करेल. मग त्याला बांधून ठेवावं लागतं, विकत घ्यावं लागतं. अमेरिका तशी होती. कोकणात उलट. जमीन थोडी आणि ती सगळी कुणाच्या तरी नावावर. माणूस जाणार कुठं? खोताला माणूस विकत घ्यायची गरजच नव्हती. जमीन त्याच्याकडे होती तेवढं पुरे. धारा द्या, वर वेठ द्या, खोताच्या शेतावर नांगर आधी, मग स्वतःच्या. अलिबागजवळ चरीला २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती करणंच बंद केलं आणि २५ गावांनी सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, ते याच्याविरुद्ध. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये.

डोमरचं हे गणित कातकऱ्यांना लावून बघितल्यावर मला आजोबांची चोपडी कळली.

कातकरी हे नाव कात करण्यावरून. खैराची लाकडं उकळून कात काढायचा, थोडी नाचणी-वरी करायची, शिकार, मासे, कंदमुळं. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरात जंगल होतं तोवर त्यांच्याकडे जायला जागा होती. त्यांची मोकळी जमीन म्हणजे ते जंगल. १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली, खैर सरकारचा झाला, आणि दार बंद. मग ते खाली गावाकडे आले. गावात शेत नाही, कुळ म्हणून कागदावर नाव नाही, घरही दुसऱ्याच्या जागेत. आजही अनेक कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, त्यामुळे मालकाशी वाकडं घ्यायचं म्हणजे घरच मोडायचं. कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, आगरी-कुणबी कुळांना जमिनी मिळाल्या. कातकऱ्याला काय मिळणार, तो कुणाच्या सात-बारावर नव्हताच.

आणि कायद्याची गंमत बघा. (गंमत म्हणवत नाही खरं.) १८४३ च्या पाचव्या कायद्यानं कंपनी सरकारनं सांगितलं की कोर्ट यापुढे कुणाचाही गुलामावरचा हक्क मानणार नाही. गुलाम बाळगणं हा मात्र गुन्हा केला नाही. खरेदी-विक्री गुन्हा झाली ती १८६० च्या दंडसंहितेनं. पण मधेच १८५९ मध्ये आणखी एक कायदा आला, तेरावा. मजुरानं आगाऊ पैसे घेतले आणि काम केलं नाही, तर मालकानं मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत जायला सांगणार किंवा पैसे परत करायला लावणार, आणि त्यानं ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आधी मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांपुरता, मग जिथं सरकारला वाटेल तिथं लागू करायचा. रद्द झाला १९२५ च्या कायद्यानं. गुलाम ठेवायला कायद्यानं बंदी येत होती त्याच वर्षांत उचल घेतलेला मजूर गुन्हेगार ठरत होता.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. मला आधी वाटायचं की हे नाव म्हणजे अतिशयोक्ती, रागात वापरलेला शब्द. आता वाटतं त्यांनी शब्द जपून निवडला होता. त्याच सुमारास अमेरिकेतही सुटलेले गुलाम त्याच जमिनीवर वाट्यानं शेती करत होते आणि दुकानदाराच्या उधारीत अडकत होते.

उत्तर कोकणात, डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी कर्ज काढून राबणाऱ्या माणसाला शब्दच आहे: लग्नगडी. नवरा राबतो, सोबत नवी बायकोही. गोदावरी परुळेकरांनी १९४५ नंतर वारल्यांमध्ये काम केलं ते हेच मोडायला. आमच्या चोपडीत हा शब्द नाही, पण 'लग्नाकरिता उचल' आहे.

१९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. आगाऊ रकमेपोटी राबवून घेणं गुन्हा, आणि ते कर्ज आपोआप रद्द. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आशियाई खेळांच्या बांधकामाच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. त्याच वर्षी वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी वेठबिगार सोडवायला सुरुवात केली. आपल्या रोहा-माणगावकडे उल्का महाजनांचं सर्वहारा जन आंदोलन आहे, पेणकडे सुरेखा दळवींचं काम आहे.

आणि तरी. दिवाळी झाली की पेणहून रोह्याला येताना वाड्या रिकाम्या होताना दिसतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळशाच्या भट्टीवर, थेट घाटावर, कर्नाटकापर्यंत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येऊन उचल देऊन गेलेला असतो. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत मिळवायची. हजार विटांमागे इतके रुपये असा दर, नवरा-बायको मिळून माती मळायची, साचा मारायचा, पोरं विटा उलटवायला. पाऊस लागायच्या आधी हिशेब. फिटलं तर ठीक, नाही तर बाकी पुढच्या हंगामावर.

आपण शुक्रवारी रात्री दहाला बिल्ड अडकला की "वेठबिगार झालोय यार" म्हणतो. मीही म्हटलंय. माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बॉण्ड होता, तोही मोडून मी बाहेर पडलो आणि काही झालं नाही, कारण मला दुसरीकडे ऑफर होती. पुन्हा डोमर. असो.

मागच्या रविवारी बाबांना फोन केला.

"बाबा, तो चोपडीतला गडी, १६८ रुपये बाकीवाला. त्याचं पुढे काय झालं?"

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, आम्ही त्याच्या खांद्यावर बसून नदीवर जायचो. नंतर कोळशाला गेला वाटतं. त्याचा मुलगा यायचा थोडे दिवस."

"पैसे फिटले?"

"ते आजोबांना विचारायला हवं होतं."

चोपडी आत्ता समोर आहे. चौथ्या पानाच्या तळाशी आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'बाकी पुढील चोपडीत नेली.' माळ्यावर पुन्हा शोधायला सांगितलंय. पुढली चोपडी अजून सापडलेली नाही.